मोल्डेबल रबर कशाला लावायचं आणि कशाला नाही

प्रश्न थोडक्यात असा: सुदामानगरच्या एका ताईंच्या दिरांनी अमेरिकेहून येताना सुग्रू नावाच्या मोल्डेबल रबराचं आठ पुड्यांचं पाकीट आणलं आहे. ताईंनी दुरुस्तीची यादी केली. मिक्सरचा गळून पडलेला पाय, मोबाइलच्या चार्जरची तुटत आलेली वायर, फ्रीजच्या दारातला मोडका ट्रे, कुकरचं हलणारं हँडल, तडा गेलेली बादली. शिवाय मुलगा पचमढीच्या कॅम्पहून जी मोडतोड घेऊन आला ती वेगळी: तंबूची चिरलेली काठी, तळ सुटलेले बूट आणि हवा जाणारी झोपायची मॅट. हे रबर या सगळ्याला चालेल का, आणि संपल्यावर इथे त्याच्या जागी काय वापरायचं?

ताई, तुमच्या यादीत वस्तू आठ आणि पाकिटात पुड्याही आठ, पण हिशेब तसा जुळत नाही. मिक्सर, चार्जर आणि ट्रे यांना लावा. तंबूच्या काठीला त्याचा अर्धामुर्धा उपयोग आहे. कुकर, बादली, बूट आणि मॅट यांच्यावर एकही पुडी खर्च करू नका. का, ते सांगतो.

मी इंदूरला तंबू, सॅक, स्लीपिंग बॅगा भाड्याने देतो. त्याआधी पीथमपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. भाड्याने गेलेला माल काहीतरी मोडूनच परत येतो, त्यामुळे चिकटवाचिकटवी हा माझा निम्मा धंदा झाला आहे. या रबराबद्दल बहुतेकांची समजूत अशी असते की हा एक जबरदस्त गोंद आहे. तो गोंद म्हणून मध्यमच आहे. त्याचा खरा गुण असा की तो चिकटतो आणि शिवाय आकार धरतो. जिथे वस्तूचा तुकडा गेलाय, जाडी कमी पडतेय, काहीतरी घासतंय, घसरतंय किंवा एकाच जागी वाकून वाकून तुटतंय, तिथे त्याच्यासारखं दुसरं काही नाही. जिथे दोन तुकडे ओढाताणीला धरून ठेवायचेत, तिथे त्याहून स्वस्त आणि त्याहून ताकदवान चार गोष्टी इंदूरच्या सियागंज बाजारात मिळतात.

मुळात हे सिलिकॉन आहे. बेसिनच्या कडेला आणि खिडकीच्या काचेला कारागीर गनने जे लावतो त्याच कुळातलं, फक्त कणकेसारखं मळता येईल इतकं घट्ट केलेलं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये डिझाइन शिकणाऱ्या एका आयरिश मुलीला २००३ च्या सुमारास ही कल्पना सुचली. माल बाजारात यायला २००९ चं वर्षअखेर उजाडलं, आणि २०१८ मध्ये जर्मनीच्या टेसा कंपनीने तो सगळा व्यवसाय विकत घेतला. म्हणून हल्लीच्या पाकिटांवर टेसाचं नाव दिसतं, त्यावरून नकली समजू नका. पूर्ण घट्ट झाल्यावर ते उणे ५० पासून १८० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, पाण्याला दाद देत नाही आणि खोडरबराइतपत लवचीक राहतं.

आता जी गोष्ट पाकिटावर बारीक अक्षरात असते आणि इंदुरात सगळ्यात जास्त नडते ती. फेव्हिकॉल घट्ट होतो तो त्यातलं पाणी उडून. हे रबर उलट चालतं. ते हवेतला ओलावा घेतं आणि त्या ओलाव्याने बाहेरून आत घट्ट होत जातं. कंपनी सांगते ३ मिलिमीटर जाडीला २४ तास. हा आकडा साधारण दमट खोलीतला. आपल्याकडे मे महिन्यात दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते, तेव्हा वर साल धरते आणि आत दोन-दोन दिवस चिकट राहतं. माणूस बोटाने दाबून बघतो, वरून घट्ट लागतं, वस्तू वापरायला काढतो आणि रबर सालीसकट सरकतं. मग सगळा दोष मालाला. उन्हाळ्यात वस्तू झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवा, शेजारी वाटीत ओलं फडकं ठेवा, रबराला पाणी लागू देऊ नका. नाहीतर कूलर चालू असलेल्या खोलीत ठेवून द्या, तेही पुरतं. आषाढ-श्रावणात हा प्रश्नच येत नाही, उलट हात जरा चटचट चालवावे लागतात.

याच कारणाने, लावलेल्या रबरावर सेलोटेप किंवा क्लिंग फिल्म गच्च गुंडाळू नका. लोकांना वाटतं आधार मिळेल. होतं काय, हवा तुटते आणि आतला माल आठवडाभर तसाच कच्चा राहतो. दोन स्टीलच्या पट्ट्यांमध्ये किंवा दोन काचांमध्ये पसरून दाबलं तरी तेच, कडा घट्ट होतात आणि मधला भाग कच्चा. आधार द्यायचाच तर दोऱ्याने दोन-तीन ठिकाणी बांधा आणि बाकी उघडं ठेवा.

आणि पुडी फोडली की जवळपास अर्धा तास हातात असतो. उरलेलं परत गुंडाळून ठेवता येत नाही. म्हणून पुडी फोडण्याआधी एकदा घरभर फिरा. मिक्सरच्या पायाला पुडीतला थोडाच माल लागतो. उरलेल्यात पोळपाटाच्या पायांना टिकल्या होतात, ग्रॅनाइटच्या ओट्यावर पोळी लाटताना तो फिरायचा थांबतो. कपाटाचं दार भिंतीला आपटतं तिथे एक ठिपका. पुरणयंत्राच्या क्लॅम्पचा स्क्रू टेबलाची सनमायका खरवडतो, त्याच्या टोकाला एक टोपी. ही सगळी कामं मी एकाच बैठकीत उरकतो. फक्त अन्नाला लागणाऱ्या बाजूला लावायचं नाही. पोळपाटाच्या पायांना चालेल, वरच्या बाजूच्या चिरेत नाही.

मिक्सरचा पाय नीट करूया, कारण तो जमला की बाकीचं जमलं. प्लग काढा, मिक्सर उलटा करा. खालच्या बाजूला तेल आणि पिठाचा एक पिवळसर थर असतोच, घर कितीही स्वच्छ असो. आधी साबणाच्या फडक्याने, मग मोबाइल दुरुस्तीवाले जे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात त्याने पुसा. हात धुवायचं जेल सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन पातळ थर सोडतं आणि त्यावर काही धरत नाही. मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने ती जागा खरवडून धूळ झटका. जुन्या पायाचा स्क्रू शाबूत असेल तर तो काढू नका, दोन-तीन आटे बाहेर राहतील असा ठेवा, रबर त्याच्याभोवती अडकून बसतं.

पुडी फोडा आणि माल अर्धा मिनिट बोटांत मळा. पहिला अगदी छोटा तुकडा घेऊन त्या जागेवर अंगठ्याने असा घासा की पृष्ठभागावर पातळ डाग पडल्यासारखा दिसेल. हा थर सगळ्यात महत्त्वाचा. गोळा नुसता ठेवून दाबला तर त्याच्याखाली हवा राहते आणि तो एके दिवशी अख्खा निघून येतो. त्या डागावर मग गोळा बसवा, उरलेल्या तीन पायांपेक्षा दोन मिलिमीटर उंच. आता एक फरशी किंवा काच घ्या, तिच्यावर साबणाच्या पाण्याचा हात फिरवा आणि मिक्सर सरळ करून अलगद तिच्यावर ठेवा. जादा माल बाजूला पसरतो आणि चौथा पाय आपोआप बाकीच्या तिघांच्या उंचीला येतो. साबण नसेल तर फरशीही मिक्सरबरोबर उचलली जाईल. लगेच मिक्सर परत उलटा करा, बाजूला पसरलेला माल ओल्या बोटाने गोल करून घ्या आणि तसाच उलटा दोन दिवस राहू द्या. जाडी पाच-सहा मिलिमीटरची असल्याने एक दिवस पुरत नाही. तुमच्या घरी दोन दिवस चटणीशिवाय निघत नसतील तर शनिवारी रात्री सुरुवात करून काही उपयोग नाही, गावाला जाण्याच्या आदल्या दिवशी लावा.

हाताला लागलेलं रबर आधी कोरड्या कागदाने पुसायचं, पाण्याखाली हात धरला तर ते बोटभर पसरतं. कागदाने निघालं की मग साबण.

चार्जरची वायर. प्लगच्या तोंडाशी वायर फाटते कारण तिथे कडक प्लास्टिक संपतं आणि मऊ वायर एकदम सुरू होते, सगळा बाक त्या एका रेषेवर येतो. तिथे नुसती गाठीसारखी जाड गुंडाळी केली तर फाटायची रेषा दोन सेंटिमीटर पुढे सरकते, एवढंच. रबर प्लगवर जाड आणि वायरकडे जाताना निमुळतं होत संपलं पाहिजे, मुळ्याच्या टोकासारखं नाही तर त्याहून लांब आणि हळूहळू. वायर खिळ्याला उभी टांगून ठेवा म्हणजे सरळच घट्ट होईल, आणि पूर्ण होईपर्यंत चार्जिंगला लावू नका. आधी मात्र फटीत डोकावून बघा. वरचं आवरण फाटलंय आणि आतल्या रंगीत तारांचं कव्हर शाबूत आहे, तर लावा. आतलं तांबं दिसत असेल तर ती वायर फेका.

हे सगळं चार्जरच्या कमी व्होल्टच्या बाजूबद्दल बोलतोय. इस्त्री, मिक्सर, कूलर, गीझर यांच्या २३० व्होल्टच्या वायरला कुठेही चीर दिसली तर वायर बदलायची. हे रबर वीजरोधक आहे हे खरं, पण वायरच्या आत किती तारा तुटल्यात हे बाहेरून कळत नाही, आणि कमी उरलेल्या तारा तापतात. यावर माझ्याशी कोणी वाद घातला तर मी ऐकत नाही.

फ्रीजचा ट्रे. हे पारदर्शक कडक प्लास्टिक असतं आणि मोडतं ते कोपऱ्यातल्या हुकाशी. हुकाला कडकपणा लागतो, रबर तो देणार नाही. म्हणून मोडलेला तुकडा आधी फेविक्विकने जागेवर जोडायचा, आणि मग सांध्याच्या बाहेरच्या बाजूने, दोन्हीकडे दोन-दोन सेंटिमीटर जाईल असा रबराचा कणा उभारायचा. फेविक्विक एकट्याने टिकत नाही कारण तो झटक्याला काचेसारखा तडकतो. दार धाडकन लावलं की झटका रबर पितं आणि जोड वाचतो. ट्रे बाहेर खोलीतच घट्ट होऊ द्या, फ्रीजमधली हवा थंड आणि कोरडी, तिथे ते होता होत नाही. पूर्ण झाल्यावर बसवा, आणि दुधाच्या पिशव्या आता दुसऱ्या ट्रेत.

कपाचा कान तुटला तर कोणीतरी हेच रबर सुचवेल. धरतं, पण कान हलका हलका डुगडुगतो आणि गरम चहाचा कप हातात डुगडुगलेला मला तरी चालत नाही.

कुकर. हँडल हलतंय म्हणजे बहुतेक वेळा स्क्रू सैल झालाय, आधी तो आवळा. हँडलच्या काळ्या कडक प्लास्टिकला, म्हणजे बेकेलाइटला, चीर असेल तर त्याच कंपनीचं हँडल भांड्याच्या दुकानात मिळतं, ते घाला. कुकरच्या हँडलवर भरल्या भांड्याचं वजन असतं, कित्येक कुकरांत झाकणाची पकडही त्याच्यावर असते, आणि मोठ्या बर्नरवर ज्योत कडेने वर आली की १८० अंशांचा आकडा केव्हाच मागे पडतो. रिंगच्या बाबतीत तर विचारूच नका. कुकरची रिंग बदलतात, सांधत नाहीत.

बादली उलटी करून बुडाशी त्रिकोणी खूण बघा. आत २, ४ किंवा ५ आकडा असेल तर ती पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन. या दोघांवर हे रबर धरत नाही. टेफ्लॉनवर धरत नाही, आणि गंमत म्हणजे घट्ट झालेल्या सिलिकॉनवरही नीट धरत नाही. खूण दिसत नसेल तर नख ओढून बघा, मेणचट लागलं की समजा तेच. अशा बादलीला गरम सोल्डरिंग आयर्नने त्याच प्लास्टिकची पट्टी वितळवून सांधता येतं, खिडक्या उघड्या ठेवून. तेवढा खटाटोप बादलीसाठी करायचा का हे तुम्ही ठरवा.

काच, चिनीमाती, स्टील, ॲल्युमिनियम, लाकूड, रंगवलेला पत्रा, टीव्हीच्या रिमोटचं कडक प्लास्टिक यांच्यावर उत्तम धरतं. काढायचं झालं तर ब्लेडने कापून नखाने खरवडायचं, कडक पृष्ठभागावरून निघतं. कापडातून मात्र निघत नाही.

आता कॅम्पचं सामान, आणि इथे एक नियम सगळ्यांच्या आधी. सिलिकॉन एकदा लावलं की त्या जागी दुसरं काही चिकटत नाही. सिलिकॉन खरवडून काढलं तरी त्याचा न दिसणारा अंश राहतो आणि मोच्याचं सोल्यूशन, अराल्डाइट, पॅच, सगळ्यांना झिडकारतो. म्हणून घरी पुडी आहे तर बघूया लावून, नाही जमलं तर मोच्याकडे देऊ, हा क्रम चुकीचा. माझ्याकडे अशा वस्तू येतात तेव्हा खरवडण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात दोन नव्या दुरुस्त्या होतात.

बुटांपासून बघू. बुटाचा वरचा भाग आणि तळ यांच्यामध्ये जो फोमसारखा थर असतो त्यात अंगठ्याचं नख रोवा. खडूसारखा भुगा पडला तर बूट गेले. तो थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या ओलाव्याने त्याची रासायनिक मोड होत जाते, तीही बूट न वापरता कपाटात पडून असताना जास्त. जपून ठेवलेले महागडे बूट चार-पाच वर्षांनी काढावेत आणि पहिल्याच चढावर तळ हातात यावा, हे ट्रेकिंगवाल्यांनी पुष्कळदा पाहिलं आहे. भुगा झालेल्या थरावर जगातला कुठलाच गोंद चालत नाही, कारण गोंद धरतो आणि त्याखालचा फोमच सुटतो. थर लवचीक आणि घट्ट असेल तर बूट वाचतात. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरवडायच्या, फेव्हिकॉल एसआरसारखं रबरी सोल्यूशन दोन्हीकडे पातळ लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग एका दमात दाबायचं. घाईने ओलं असतानाच दाबणं ही सगळ्यांची सवय, आणि तिथेच जोड कच्चा राहतो. नंतर मोच्याकडून कडेने टाके मारून घ्या. रबराची पुडी हवीच असेल तर पुढे पंजाच्या टोकाशी चामडं घासून पातळ होतं तिथे, तीही हे सगळं झाल्यावर.

मॅट आधी फुगवून पाण्यात बुडवा, बुडबुड्याच्या जागी पेनने गोल करा. मॅटबरोबर पॅच आला असेल तर तोच लावा. नसेल तर नायलॉनच्या मॅटला पॉलियुरेथेनचा चिकटपदार्थ लागतो आणि पीव्हीसीच्या मॅटला पीव्हीसीचा. सायकलच्या ट्यूबचा पंक्चर पॅच पीव्हीसीवर टिकत नाही, तो ट्यूबच्या रबरासाठी बनलेला आहे. सिलिकॉन मॅटवर धरल्यासारखं वाटतं, पण मॅट फुगली, ताणली आणि वर माणूस झोपला की कडेने उलतं.

तंबूच्या शिवणी गळत असतील तर तंबूवरची पट्टी वाचा. सिल-नायलॉन, म्हणजे सिलिकॉनचा थर दिलेलं नायलॉन, लिहिलं असेल तर फक्त सिलिकॉनच चालतं. पीयू (पॉलियुरेथेन) कोटेड लिहिलं असेल तर पॉलियुरेथेनचा सीम सीलर, म्हणजे शिवण बुजवणारा चिकटपदार्थ. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक स्वस्त तंबू दुसऱ्या जातीचे असतात. तेव्हा पट्टी न वाचता बेसिनचं सिलिकॉन शिवणीवर ओढू नका, वरचा नियम इथे सगळ्यात महाग पडतो.

आणि काठी. फायबरग्लासची काठी लांबीला चिरते, जिथे ती धातूच्या नळीत शिरते त्या टोकाशी. हातमोजे घालून हात लावा, कुसळं डोळ्याला दिसत नाहीत आणि दोन दिवस सलतात. चिरेत अराल्डाइट भरा, त्यावर जाड शिवणदोऱ्याचे वेढे एकाला एक लागून घट्ट मारा आणि वेढ्यांवर परत अराल्डाइट पाजा. चीर बोटाच्या दोन पेरांपेक्षा लांब असेल तर हेही पुरत नाही, मग चिरलेला भाग कापून ॲल्युमिनियमची नळी बाहेरून चढवायची. रबराचं काम त्यानंतर. नळीची कापलेली कड धारदार असते आणि तंबूच्या कापडी बोगद्यातून काठी सरकवताना कापड फाडते. त्या कडेवर रबराची निमुळती उतरण द्या. काठीच्या टोकाची टोपी हरवली असेल तर तीही रबराची करता येते, फक्त टोकाला आधी साबण न लावता नीट खरवडून घ्या, नाहीतर टोपी मैदानात राहील आणि काठी घरी येईल.

हे रबर कॅम्पला सोबत नेण्याची वस्तू नाही, असं माझं स्पष्ट मत आहे, जाहिरातीत काहीही दाखवोत. जानापावच्या डोंगरावर संध्याकाळी काठी मोडली तर चोवीस तास कोण थांबणार? ओल्या, मातीच्या पृष्ठभागावर ते धरतही नाही. सॅकमध्ये कापडी चिकटपट्टी, जाड सुई आणि मेणाचा दोरा, केबल टाय, आणि काठीवर चढेल अशी बोटभर लांब नळी असली की रात्र निघते. रबर घरीच, निघायच्या आठवडाभर आधी वापरायचं. टॉर्चवर पकड बनवायला, झिपच्या तुटक्या ओढणीला, सुरीच्या मुठीवर, ट्रेकिंगच्या काठीचं खडकावर घसरणारं टोक मऊ करायला. स्टोव्हच्या बर्नरजवळ कुठेही नाही.

पुड्यांवरची तारीख बघून घ्या. बनल्यापासून साधारण तेरा महिने टिकतात, आणि आपल्या उन्हाळ्यात कपाटात ठेवल्या तर त्याआधीच कडक होतात. हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवल्या तर कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे आयुष्य तिप्पट होतं. फ्रीजमधून काढल्यावर पुडी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग फोडा. फोडल्यावर आत खडा लागला तर मळत बसू नका, ती गेली.

संपल्यावर काय? पुड्या इथे ऑनलाइन मिळतात, महाग पडतात आणि कधी कधी तारीख उलटत आलेल्या निघतात. मी बहुतेक कामं सिलिकॉन सीलंट आणि कॉर्नफ्लोअर यांच्या मिश्रणाने करतो. ही युक्ती माझी नाही, जगभरचे हौशी कारागीर वापरतात. हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणा, ज्याला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो ती. ॲक्रिलिक सीलंट आणू नका, ते वेगळं. कॉर्नफ्लोअर म्हणजे सूप घट्ट करायला घालतात ते पांढरं शुभ्र स्टार्च, मक्याच्या रोटीचं पिवळं पीठ नव्हे. गच्चीत किंवा बाल्कनीत बसा, प्लास्टिकचे मोजे घाला. डिस्पोजेबल प्लेटमध्ये दोन्ही मापाने सारखे घेऊन आधी काडीने ढवळा आणि चिकटपणा कमी झाला की हाताने मळा. स्टार्चमध्ये थोडा ओलावा असतोच, तो आत सगळीकडे पोचतो, म्हणून हे मिश्रण बाहेरून आत असं न होता एकदमच घट्ट व्हायला लागतं. जाड तुकडाही काही तासांत हाताळता येतो, आणि मे महिन्याची भीती राहत नाही. पीठ जास्त घातलं तर लवकर घट्ट होतं पण चिकटायची ताकद जाते. यावर उपाय असा की वस्तूला आधी नुसत्या सिलिकॉनचा पातळ हात द्यायचा आणि मिश्रण त्यावर बसवायचं. रंग हवा तर तैलरंगाचा एक थेंब घाला.

या मिश्रणाची खोट एकच, पण मोठी. घट्ट होताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि ते तांबं, पितळ, जस्ताचा पत्रा खातं. म्हणून चार्जर, रिमोटचे सेल बसतात ती जागा, कूलरची गॅल्व्हनाइज्ड टाकी, इथे ते नाही. तिथे वास न येणारं न्यूट्रल सिलिकॉन घ्या. त्यात कॉर्नफ्लोअर दर वेळी जमतंच असं नाही, त्यामुळे मी ते नुसतंच वापरतो. अर्धी उरलेली नळी वाया घालवू नका, तोंडात एक लांब स्क्रू खुपसून ठेवा. पुढच्या वेळी स्क्रू ओढला की घट्ट झालेलं बूच त्याच्याबरोबर बाहेर येतं.

आणि जिथे वस्तू हलत नाही, वाकत नाही, फक्त भोक बुजवायचंय किंवा कडक तुकडा उभा करायचाय, तिथे एम-सील. नळाचा सांधा, खुर्चीच्या पायाची भेग, कुंडीची फुटकी कड. तिथे रबर लावणं म्हणजे चांगला माल चुकीच्या जागी.

ताई, सुरुवात मिक्सरपासून करा आणि त्याच पुडीत पोळपाट उरकून घ्या. दुसरी पुडी चार्जरला, तिसरी ट्रेला. काठीसाठी चौथी फोडण्याआधी नळी आणावी लागेल. त्यासाठी काठीचा मोडका तुकडाच सोबत घेऊन सियागंजात जा, नुसतं माप सांगून आणलेली नळी हमखास सैल निघते.